उसनी साक्ष

आमच्या फलकावर लिहिलेलं असे: ‘शांतवन आणि परिवार, ख्रिस्ती भजन-गायन’. शांतवन म्हणजे माझे बाबा. परिवार म्हणजे खंजिरी वाजवणारी माझी आई कुसुम, ढोलकीवर माझा मोठा भाऊ दाविद, आणि मी, एस्तेर. नाव होतं ते एकाचंच. बाकीचे आम्ही ‘आणि’च्या पलीकडचे. पेंटरने बाबांचं नाव लाल रंगात ऐसपैस काढलं होतं आणि परिवारापर्यंत येता येता त्याची जागा संपली होती, म्हणून शेवटचा ‘र’ त्याने कोपऱ्यात कसाबसा दाबून बसवला होता. तो दाबलेला ‘र’ म्हणजे मी, असं मी दाविदला सांगायचे. तो म्हणायचा, ‘‘तू तं काना बी नाहीस वो.’’

अमरावतीत चर्चच्या आवारामागे टिनाच्या छपरांची एक चाळ होती, तिथे आमच्या दोन खोल्या. पहिल्या खोलीत पेटी राहायची आणि दुसऱ्या खोलीत आम्ही. हे मी गमतीने म्हणत नाही. पेटीला उशीसारखी गादी होती, वर आईच्या लग्नातल्या शालूची खोळ होती, आणि पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं की आधी पेटी हलवली जाई, मग धान्य, मग आम्ही. पहाटे नळ येण्याआधी बाबा पेटी काढायचे. आई चुलीवर चहा ठेवून तिथूनच गायची, दाविद भिंतीला टेकून अर्धवट झोपेत ठेका धरायचा, आणि मी केस विंचरता विंचरता गायचे. बाबांची पट्टी काळी एक. पुरुषाच्या गळ्याला ती बरी. मला मात्र त्या पट्टीत एक तर विहिरीच्या तळाशी उतरून पुटपुटावं लागे, नाहीतर वर चढून किंचाळावं लागे. मी एकदा म्हटलं, ‘‘बाबा, एखादं गाणं काळी चारमध्ये घेऊन पाहू ना.’’ बाबांनी भाता थांबवला नाही. म्हणाले, ‘‘घराची पट्टी बापाची असते.’’ पुढे कितीतरी वर्षं मला हे वाक्य बायबलातलंच वाटत होतं. नंतर कळलं की तिथे ते कुठेही नाही.

बाबांच्या दोन भाषा होत्या. घरात ते म्हणत, ‘‘काहून उशीर झाला? कुठी गेलती?’’ आणि स्टेजवर चढले की म्हणत, ‘‘प्रभूमधील माझ्या प्रिय बंधू-भगिनींनो, आज या मंगल घटिकेला...’’ घटिका हा शब्द त्यांनी आमच्या घरात कधी वापरला नाही. आमच्याकडे घड्याळही बंद होतं. ते एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात टाइमकीपर होते, आणि कारखाना हळूहळू बंद पडत गेला तशी त्यांची स्टेजवरची भाषा अधिकाधिक शुद्ध होत गेली. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा ते जवळजवळ पुण्याचे झाले होते.

आई माळ्याची. वलगावच्या पुढे एका खेड्यात तिच्या भावाचा मळा होता. आई दवाखान्यात आया म्हणून लागली, तिथे रविवारी गाणी म्हणायला येणाऱ्या शांतवनच्या आवाजाला भुलली आणि बाप्तिस्मा घेऊन मोकळी झाली. तिच्या बापाने त्यानंतर तिचं तोंड पाहिलं नाही. भाऊ मात्र यायचा. मामा आठवड्यातून दोनदा सायकलवर वांगी, कोथिंबीर, शेवंती असं काय काय बांधून बाजारात यायचा आणि परत जाताना आमच्या ओट्यावर टेकायचा. आत येत नसे. बाबांच्या सरावात अडथळा नको म्हणून, असं तो सांगे. खरं म्हणजे बाबा त्याला प्रार्थनेला बसवतील याची त्याला भीती वाटे, आणि ती रास्त होती. आई त्याला ओट्यावरच ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा वाढायची. तो जेवता जेवता म्हणायचा, ‘‘कुसुम, थे तुयं गानं म्हन ना.’’

ते गाणं आईने स्वतः रचलेलं होतं. धुणं धुताना, निवडटिपण करताना ती ते गुणगुणायची. ‘कोन्या वाटेनं आलास, मेंढपाळा, पायाले तुया माती’ अशी त्याची सुरुवात. येशू वलगावच्या रस्त्याने चालत येतो, त्याच्या धोतराला काळी चिकण माती लागते आणि एक बाई त्याला पाय धुवायला तांब्या देते, एवढंच त्या गाण्यात होतं. बाबांनी ते कधी स्टेजवर घेतलं नाही. ‘‘गावठी हाय थे,’’ ते म्हणायचे, अगदी गावठीत. बाबांची स्वतःची गाणी ‘हे जगदीश्वरा, कृपासागरा’ अशा थाटाची असत, त्यांत सागर, पर्वत, सिंहासन असं सगळं असे, माणूस मात्र एकही नसे. आज चर्चमधली पोरं मोबाइलवर संगीत लावून त्याच सागर-सिंहासनाची गाणी डोळे मिटून म्हणतात तेव्हा मला बाबांची फार आठवण येते, आणि ती चांगली आठवण नसते.

मग नापिकीची, कर्जाची ती वर्षं आली. त्या वर्षांबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी त्यात भर घालणार नाही. मी एवढंच पाहिलं की मामाच्या सायकलवरची वांगी कमी झाली, मग शेवंती गेली, मग मामाच यायचा थांबला. विहीर आटल्यावर त्याने मळा मोडून कपाशी लावली होती. एका दुपारी त्याच्या गावचा दूधवाला आमच्या दारात सायकल धरून उभा राहिला आणि आईला म्हणाला, ‘‘ताई, तुमी चाला.’’ एवढंच म्हणाला. आई हात न पुसता निघाली. पिठाचे हात तसेच.

मामाने फवारणीचं औषध घेतलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा तो अंगणात होता, पांढऱ्या कपड्याखाली. आईने बाटली कुठे सापडली ते पाहिलं: गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमागे, झाकण नीट परत लावून ठेवलेली. मामा आयुष्यभर कुठल्याही वस्तूचं झाकण लावून ठेवणारा माणूस. आईने ते झाकणाचं फक्त बाबांना सांगितलं, रडत, परत येताना एसटीत. मी मागच्या बाकावर होते म्हणून ऐकलं.

त्या अंगणात आईने बाबांना विचारलं होतं, ‘‘मी म्हनू काय माह्यं गानं? त्याले आवडे.’’ बाबांनी तिला बाजूला घेतलं. म्हणाले, ‘‘त्यायचा विधी वायला हाय. आपलं गानं इथं बरं नाही दिसत. लोकं काय म्हनतीन?’’ आणि ते लिंबाखाली रुमाल घेऊन उभे राहिले, सगळ्यांपासून पाच पावलं दूर, जसं काही मरण संसर्गजन्य होतं. आई गायली नाही. पुढचे आठ-पंधरा दिवस मामीच्या अंगणात जीपा येत राहिल्या. कुणी फोटो काढले, कुणी सांत्वनाचं भाषण दिलं, एकाने तर मामीला रिकाम्या कणगीजवळ उभं राहायला सांगितलं. मामी आधी सगळ्यांना पाणी द्यायची. नंतर तिने माठ आत नेऊन ठेवला.

माझं वय तेव्हा एकोणीस. मला एकटीने गायचं होतं. हे वाक्य आज किती साधं वाटतं! तेव्हा आमच्या घरात ते बोलणं म्हणजे दारू प्यायची आहे असं बोलण्यासारखं होतं. एका लग्नात बाबांना ठसका लागला आणि एक कडवं मी एकटीने निभावून नेलं, तेव्हा पाळकसाहेबांची बायको म्हणाली, ‘‘एस्तेरला एकटीला ऐकायला हवं एकदा.’’ बाबा हसून म्हणाले, ‘‘आमच्या परिवारात एकट्यानं कोणी गात नाही, बाई. ऐक्य हीच आमची साक्ष.’’ घरी आल्यावर त्यांनी माझं त्या कडव्यातलं एकेक चुकीचं वळण काढून दाखवलं. चुका खऱ्या होत्या. ते मला जास्त लागलं.

अकोल्याच्या सभेचं बोलावणं आलं तेव्हा बाबा पुन्हा तरुण झाले. बाहेरून कुणी एक मोठा प्रवचनकार येणार होता. त्याला सगळे नुसतं ‘ब्रदर’ म्हणत. तीन दिवस, मोठं मैदान, मांडव, माणसाच्या उंचीचे कर्णे, आणि स्टेजमागे कापडावर लिहिलेलं ‘दुःखितांसाठी शांती’. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सभेची सुरुवात आम्ही करायची होती. आमचे कपडे शमीमआपाने शिवले होते, आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणारी बाई. एका ताग्यातून चौघांचे निळे कपडे काढताना तिने माझ्या बाह्या आखूड केल्या होत्या, कारण बाबांच्या कुर्त्याला जास्त कापड लागलं.

एसटीने अकोल्याला पोचलो. मांडवामागे विल्सन नावाचा एक व्यवस्थापक फाइल घेऊन बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिलंही नाही, फाइलीतच पाहत विचारलं, ‘‘आप लोग विदर्भ के ही हो ना? शेती किती आहे?’’

बाबांनी आयुष्यात कुंडीत तुळससुद्धा लावली नव्हती. तुळस तर आमच्याकडे नसतेच म्हणा, पण मोगराही नव्हता. टाइमकीपर माणूस. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘होती.’’

त्या एका शब्दावर विल्सनने मान वर केली. विदर्भ हा शब्द तेव्हा बाहेरच्या लोकांना नुकताच पाठ झाला होता, आणि त्यांच्या लेखी विदर्भात एकाच प्रकारचा माणूस राहत होता. इथे शिंपी होते, मास्तर होते, भजनं म्हणणारे होते, पण त्यांना पाहायला कुणी एवढ्या लांबून येत नव्हतं. विल्सनने बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि दोघे हळू आवाजात बोलत बसले. आई खंजिरीचे घुंगरू तपासत होती. मला वाटलं, गाण्यांचा क्रम ठरतोय.

दोन गाणी झाली. मग ब्रदर पुढे आला. पांढरा शर्ट, ओले केस, आणि आवाजात सतत एक कंप, जणू कुणीतरी त्याला आतून हलवतंय. त्याने सांगितलं की आता एक भाऊ आपली साक्ष देईल. साक्ष म्हणजे आमच्यात आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. बाबा पेटीमागून उठले आणि माइकशी गेले.

‘‘बंधू-भगिनींनो, मी एक शेतकरी होतो,’’ बाबा म्हणाले.

दाविदने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आई खाली पाहत होती.

बाबांनी विहीर आटवली, मळा मोडला, कपाशी लावली आणि ती किडीला दिली. सगळं शुद्ध मराठीत. मग ते गोठ्यात गेले. ‘‘कडब्याच्या पेंढ्यांमागे मी ती बाटली ठेवली होती. मी तिचं झाकण उघडलं...’’ आणि इथे त्यांनी हात वर करून झाकण फिरवून दाखवलं. समोर हजार-बाराशे माणसं होती. बायका पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. ‘‘आणि त्याच घटिकेला घरातून माझ्या लेकीचा आवाज आला. ती प्रभूचं गीत गात होती. मी झाकण परत लावलं.’’

झाकण. ते ऐकलं आणि आईच्या हातातली खंजिरी मांडीवर आली. एक घुंगरू वाजला तेवढाच. ती रडली नाही, बाबांकडे तिने पाहिलंही नाही; तिने फक्त खंजिरी उलटी करून ठेवली, भांडं धुऊन पालथं घालतात तशी.

बाबा माझ्याकडे वळले. डोळ्यांत खरं पाणी होतं. तेवढं मी नाकारणार नाही. म्हणाले, ‘‘ये एस्तेर. तेच गीत म्हण.’’ तेच म्हणजे कुठलं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पेटीवर जाऊन त्यांनी ‘कृपासागरा’ची सुरुवात धरली, काळी एकमध्ये.

मी माइकशी गेले. मी फार धीट मुलगी नव्हते. पण आईची पालथी खंजिरी मी पाहिली होती. मी म्हटलं, ‘‘माझे बाबा शेतकरी नाहीत. ते जिनिंगमध्ये कामाला होते. ती बाटली माझ्या मामाची होती. त्याला कुणाचं गाणं ऐकू आलं नाही. तो मेला.’’

कर्ण्यांतून माझा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत गेला आणि मलाच परत ऐकू आला. पेटी थांबली. मी डोळे मिटले आणि आईचं गाणं धरलं, ‘कोन्या वाटेनं आलास, मेंढपाळा’. पेटीशिवाय, ढोलकीशिवाय, मला जिथे सहज सापडला त्या सुरात. तो कुठला सूर होता ते मला नंतर कळलं, काळी चारच होता. पहिल्यांदाच मला विहिरीत उतरावं लागलं नाही की झाडावर चढावं लागलं नाही. मामाला ते गाणं त्याच्या अंगणात मिळायला हवं होतं. मी ते त्याला अकोल्याच्या मैदानात, अनोळखी लोकांसमोर दिलं. दाविदने ढोलकीला हात लावला नाही. बाबांकडे पाहिल्याशिवाय त्याने आयुष्यात कशालाच हात लावलेला नाही.

गाणं संपलं तेव्हा मला वाटलं, आता लोक दगड मारतील, निदान उठून जातील. इथेच मी किती भोळी होते ते कळतं. ब्रदर धावत आला, त्याने माझ्या हातातून माइक घेतला आणि तो कंप पावत ओरडला, ‘‘हालेलुया! पाहिलंत? प्रभूने या मुलीच्या मुखातून सत्य बोलवून घेतलं! बाप पडला, लेक उभी राहिली!’’ आणि मैदान उसळलं. पाच मिनिटांपूर्वी खोट्याला रडलेली माणसं आता खऱ्यालाही तेवढीच रडली, आणि त्याच रुमालाने. माझा मामा मिनिटभरात त्याच्या प्रवचनाचा दुसरा मुद्दा झाला होता.

परतीची एसटी मूर्तिजापूरला थांबली. मग बाबा पुढे पाहत म्हणाले, ‘‘एस्तेर, आपण आज परिवाराची मान खाली घातलीत.’’ आपण. घातलीत. त्या दिवसापासून ते माझ्याशी स्टेजवरच्या भाषेत बोलू लागले आणि पुढे शेवटपर्यंत बोलत राहिले. ‘‘आपण जेवलात का?’’ असं दोन खोल्यांच्या घरात बाप लेकीला विचारतो तेव्हा लेक त्या घरात पाहुणी होते. आईने एसटीत एकच वाक्य म्हटलं, तेही बाबांना: ‘‘झाकनाचं तरी सोडाचं व्हतं.’’

आता या प्रकरणातला तो भाग, जो मी दोनदा लिहून फाडला. कारण आतापर्यंत हिणवायला बाबा होते, ब्रदर होता, विल्सन होता. यापुढे मीच आहे.

महिन्याभरात विल्सन आमच्या दारात आला. ब्रदरच्या पुढच्या सभांमध्ये मी एकटीने गावं, असं म्हणाला. पोस्टरवर माझा एकटीचा फोटो, ‘भगिनी एस्तेर’. मी नाही म्हणायला हवं होतं. मी विचारलं, ‘‘पेटीवर कोण राहील? माझी पट्टी काळी चार आहे.’’ बाबा आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं. शमीमआपाकडे मी नवा पोशाख शिवायला टाकला. ती माप घेता घेता म्हणाली, ‘‘अब अकेली गाएगी ना? मंग नीट शिवते. चार जनात कोन पाहते तुह्याकडे.’’

पहिल्या सभेत मी तीन गाणी म्हटली. खाली उतरले तर विल्सन म्हणाला, ‘‘बहन, वो मामावाली बात?’’ मी परत वर जाऊन ती सांगितली. खरी होती, म्हणून मला सांगायला लाजही वाटली नाही. दुसऱ्या सभेत विल्सनला आठवण करून द्यावी लागली नाही. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, ते मला जमायला लागलं होतं. तिसरी सभा अंजनगाव सुर्जीला होती. बाजाराचा दिवस, निम्मे लोक पिशव्या घेऊन आलेले, पोरं रडतायत, मागे शेंगदाणेवाला ओरडतोय. मी मामाचं सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. मला राग आला. मामा मेला आणि तुम्हाला शेंगदाणे सुचतायत! आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘जायच्या आदल्या दिवशी मामा मला म्हणाला, एस्तेर, काही झालं तरी तू गात राह्य.’’

मैदान शांत झालं. सूर लागतो तेव्हा पाठीच्या कण्यातून जसं काही सरकतं, तसंच सरकलं. मला ते आवडलं, आणि हे मी इथे लिहूनच ठेवते.

मामा असं काही म्हणाला नव्हता. मरणाआधी दोन महिने तो मला भेटलाही नव्हता.

दोनेक आठवड्यांनी आई मला घेऊन मामीकडे गेली. थंडी होती. मामी अंगणात ऊन खात तुरीच्या शेंगा सोलत होती. आईला तिने आत चहाला पाठवलं आणि मला म्हणाली, ‘‘बैस. सोल.’’ मी बसले. मीही मूठभर शेंगा घेतल्या.

मग ती म्हणाली, ‘‘आमच्या गावची लक्ष्मी गेलती अंजनगावच्या बाजाराले. थिनं आयकलं तुयं.’’

मी म्हटलं, ‘‘हो का?’’

‘‘हव. थे सांगे, गानं लय गोड म्हनलं पोट्टीनं. अन् सांगे का, तुया मानसानं जाताना भाचीले असं असं म्हनलं.’’ मामीने हात थांबवले नाहीत. ‘‘मी त्याची बायको. त्या दिवशी सकाळी म्या त्याले चहा देला. थो मले काही बोलला नाही. पोराईले बोलला नाही. मी इतके दिवस रोज आठवून पाह्यतो, काही बोलला अशीन काय, मलेच आयकू आलं नशीन काय. मंग तुले कवा बोलला थो? सांग ना मले. मले पाह्यजे थे.’’

ती मला टोमणा मारत नव्हती. मी नीट पाहिलं तिच्याकडे. तिला खरंच हवं होतं. मी हो म्हटलं असतं तर तिने ते वाक्य आयुष्यभर जपून ठेवलं असतं, त्या खोट्याला रोज दिवा लावला असता. आणि माझ्या तोंडाशी दुसरं खोटं तयारही होतं. एवढी मी तोपर्यंत तरबेज झाले होते.

‘‘नाही बोलला, मामी,’’ मी म्हटलं. ‘‘मी आपल्या मनानं सांगितलं.’’

मामीने हातातली शेंग टोपल्यात टाकली. मला वाटलं, ती मला हाकलेल. ती बराच वेळ मळ्याकडे पाहत बसली, जिथे आता मळा नव्हता.

‘‘तुया बापानं बाटली नेली,’’ ती म्हणाली, ‘‘अन् तू बोलनं नेलं. मह्याकडं काय ठेवलं तुमी?’’

आई चहा घेऊन बाहेर आली आणि आम्हा दोघींकडे पाहून तिथेच उंबऱ्यावर बसली. चहावर साय धरेपर्यंत कुणी कप उचलला नाही. शेवटी मामीच म्हणाली, आवाज न चढवता, ‘‘गाता येते ना तुले? मंग गात जाय. बोलू नोको.’’

त्या दिवशी मी गायले मात्र नाही. तेवढी तरी अक्कल आली होती. टोपलं भरेस्तोवर शेंगा सोलल्या, रात्रीच्या आमटीपुरते सोले, तुरीचे हिरवे दाणे, निघाले, आणि संध्याकाळच्या गाडीने आम्ही परतलो. विल्सनला मी निरोप पाठवला की मी येईन, पण फक्त गाईन. त्याचं उत्तर आलं नाही. पोस्टरवर लवकरच दुसऱ्या कुणा भगिनीचा फोटो आला. तिच्याकडे नवरा होता म्हणे, जिवंत झालेला.

‘शांतवन आणि परिवार’ पुढे काही वर्षं माझ्याशिवाय तिघांचा चालला, मग दोघांचा. आईने खंजिरी परत हातात घेतली, पण बाबा साक्ष द्यायला उठले की ती पाणी प्यायला जायची. बाबांनी ती साक्ष देणं सोडलं नाही. म्हातारपणी तर ते दाविदच्या मुलांना सांगायचे की आपली शेती होती, वलगावच्या पुढे, विहिरीसकट. मी कधी खोडून काढलं नाही. त्यांना मैदानात एकदा खोडलं होतं; त्याने काही थांबलं नव्हतं.

मी खऱ्या अर्थाने एकटीने गायले ती अमरावतीत, एका शाळामास्तरणीच्या दफनाला. चाळीसेक माणसं, पेटी नाही, माइक नाही. मी उभी राहिले, आईचं गाणं म्हटलं, त्यातल्या चिकण मातीसकट. संपल्यावर पाळकसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, ‘‘एस्तेरबाई, बाईंबद्दल दोन शब्द बोला ना. तुम्हाला छान बोलता येतं, ऐकलंय मी.’’

मी नाही अशी मान हलवली आणि जाऊन मागच्या रांगेत उभी राहिले.